चुलीची जागा

माणूस कुठला, हे तो कुठे जन्मला यावरून ठरत नाही आणि कुठे मेला यावरूनही ठरत नाही. त्याची चूल घरात कुठे मांडलेली आहे, यावरून ठरतं. हे वाक्य मी दरवर्षी पहिल्या तासाला वर्गात उच्चारतो. उष्णता हा विषय तसा रुक्ष, त्याला थोडी माती लागलेली बरी, म्हणून. मुलं लिहून घेतात. उच्चारताना माझी पाठ वर्गातल्या रेडिएटरला टेकलेली असते, आणि संध्याकाळी घरी गेल्यावर पाय खिडकीखालच्या रेडिएटरला टेकतात. या दोन्ही रेडिएटरांची जागा मी शाळेत जायच्या आधीच कुणीतरी कुठल्या तरी कार्यालयात नकाशावर ठरवून टाकली होती. पंधरा सप्टेंबरला ते गरम होतात, पंधरा मेला थंड. मला थंडी वाजते की नाही, हा प्रश्न मधे येत नाही. सदतीस वर्षं मी चुलीवाचून राहतोय आणि चुलीबद्दल बोलतोय. थोडक्यात, मी प्राध्यापक आहे.

त्यामुळे सप्टेंबरच्या पहिल्या शनिवारी गोंबो चूलवाल्यानं एका रिकाम्या खोलीत माझ्या हातावर खडू ठेवला आणि म्हणाला, “करा मास्तर खूण. चूल कुठे?” तेव्हा फार काही घडलं असं म्हणता येणार नाही. खडू होता. रोज चार तास मी खडूच धरतो. पण हात खाली जाईना. जमिनीवर सिमेंटचा कोबा होता, अजून झाडलेलासुद्धा नव्हता, त्यावर करणीचे अर्धगोल उमटलेले होते, आणि एका कोपऱ्यात ओल्या सिमेंटवरून चालत गेलेल्या कुत्र्याची चार पावलं. ही पावलं कुणी पुसली नाहीत, म्हणजे शिजिरनं पाहिली असणार आणि हसून सोडून दिली असणार, हे मला कळलं, आणि हे कळल्यावर पुढे काय करायचं ते कळेना. गोंबो थांबला. मग त्यानं विटांच्या ढिगावर बसून नाकात तपकीर ओढली. म्हणाला की त्यानं आजवर चारशे चुली बसवल्या, बायका भांडल्या, सुना रडल्या, एकदा एका लामानं तीन वेळा जागा बदलली, पण खडू हातात धरून नुसता उभा राहिलेला गिऱ्हाईक पहिलाच. “आणि तुम्ही म्हणे उष्णताच शिकवता.”

घर दोन खोल्यांचं. राखाडी सिमेंटच्या विटा, वर निळा पत्रा. उलानबातरच्या उत्तरेला डोंगराच्या उतारावर आमच्या लाकडी कुंपणाच्या आत ते उभं आहे, आणि ते माझ्या धाकट्या भावानं, शिजिरनं, दोन उन्हाळे खपून एकट्यानं उभं केलं. मी एका रविवारी विटा द्यायला गेलो होतो. दुपारी माझी कंबर धरली आणि तो मला बसस्टॉपपर्यंत सोडायला आला. भिंती झाल्या, छप्पर झालं, खिडक्या झाल्या. राहिली फक्त चूल, कारण चूल शेवटी बसवतात, आणि शेवटापर्यंत शिजिर राहिला नाही. गेल्या फेब्रुवारीत तो गेला. अडतीस वर्षांचा होता. खिडकीच्या फळीवर त्याचा पत्र्याचा मग तसाच होता, त्यात कालवलेलं सिमेंट वाळून दगड झालेलं आणि त्या दगडात चमचा उभा. भिंतीवर पेन्सिलीनं लिहिलेली मापं, सातचा आकडा त्याच्या पद्धतीनं, मधे आडवी रेघ मारलेला. दाराजवळ एक सॉकेट, ड्रिल लावण्यापुरतं घाईत बसवलेलं आणि जरा तिरकं. अख्ख्या घरात वीज तेवढीच.

खोलीच्या मधोमध पालथ्या बादलीवर आई बसली होती. शहात्तर वर्षांची, गुडघ्यावर हात, मांडीवर बिस्किटांचा पत्र्याचा डबा. डब्यात राख होती. जुन्या चुलीतली. नवी चूल पेटवताना जुनीतली राख तिच्यात घालतात, म्हणजे आग तीच राहते. आईची आग तिच्या सासूची, सासूची तिच्या सासूची, अशी मागे कुठवर जाते ते कुणाला ठाऊक नाही. शास्त्राच्या दृष्टीनं ती दर खेपेला नवीनच असते, पण हे मी घरात कधी बोललो नाही. आमच्यात चूल धाकट्याची. मोठ्यांनी आपापला वाटा घेऊन बाहेर पडायचं आणि धाकट्यानं आईबापांसह आग सांभाळायची. मी सोळा वर्षांनी मोठा. मला वाटा मिळाला, तो शिक्षणाचा. रशियात इर्कुत्स्कला जाऊन मी ज्वलन या विषयात पदवी घेतली आणि ज्वलनापासून कायमचा सुटलो. घरी जायचो तेव्हा शिजिर चुलीत हात घालायचा आणि मी पाहुण्यासारखा वरच्या बाजूला, मानाच्या जागी बसायचो. चहा हातात यायचा. आगीला काही हवं-नको हे मला कधी विचारलं गेलं नाही, एकदा सोडून.

आईचं म्हणणं सरळ होतं. चूल घराच्या मधोमध. लोकरीच्या जाड नमद्याच्या गोल तंबूत, आमच्या गेरमध्ये, ती मधोमधच असते, वर छपराच्या कड्यातून धुराडं सरळ आकाशात, आणि माणसं तिच्याभोवती. ज्या हिवाळ्यात आमची सगळी जनावरं बर्फात गेली, त्या हिवाळ्यानंतर आईबाबा ते गेर उचलून शहराच्या या उतारावर आले, तेव्हापासून शिजिर जाईपर्यंत चूल तिथेच होती. शिजिर गेल्यावर आम्ही गेर उतरवलं. त्याची गोल खूण अंगणात अजून आहे. भोवती उन्हाळ्यात गवत वाढलं, वर्तुळात काही उगवलं नाही, आणि वर्तुळाच्या मध्यावर काळा डाग. त्या सकाळी आईनं गोंबोच्या दोरीनं घराचं मध्य काढलं होतं. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत दोरी, मग दुसऱ्या कोपऱ्यांतून, जिथे दोऱ्या एकमेकींना कापतील ते मध्य. ते बरोबर दोन खोल्यांमधल्या भिंतीच्या पोटात आलं. गोंबोला याचा फार आनंद झाला. म्हणाला, आक्का, तुमच्या पोरानं मध्यावर भिंत बांधली, आता तिथे चूल बसवायची तर भिंतच चूल करू. तोंड इकडे, पोटातून विटांचा नागमोडी धूरमार्ग, दोन्ही खोल्या तापतील, तुम्ही भिंतीला पाठ लावून झोपा. आई म्हणाली, पाठ लावून नाही, तोंड करून. मला ती दिसली पाहिजे.

माझं म्हणणं वेगळं होतं. माझं म्हणणं होतं की चूल घरात नकोच. घराबाहेर पत्र्याची वेगळी खोली बांधायची, त्यात बंब, बंबातून नळ्या, नळ्यांतून गरम पाणी घरात. मी कारणं दिली. घरात राख नाही, कोळशाची धूळ नाही, तापमान एकसारखं, जागा वाचते. कागदावर आकृतीही काढून आणली होती, पाणी जाण्याची नळी लाल शाईनं, येण्याची निळ्या शाईनं. गोंबोनं ती उलटी धरून पाहिली आणि सुंदर आहे म्हणाला. आईनं पाहिली नाही. “आग बाहेर?” ती म्हणाली. “कुत्र्यासारखी?” मी म्हटलं की आजकाल सगळे असंच करतात. ती म्हणाली, सगळ्यांचं सगळ्यांपाशी. गोंबो म्हणाला की तुमचं ठरेपर्यंत वस्ती-कार्यालय ही गल्ली कोळशावरून विजेवर नेईल, चुलीच बंद, मग बसा भांडत. दहा वर्षं नेतोय नेतोय म्हणताहेत.  माझी कारणं सगळी खरी होती. खऱ्या कारणांचा हा फायदा असतो, की त्यांच्या मागे एखादं कारण सहज लपून बसतं.

फेब्रुवारीपासून आई माझ्याकडे होती. सात महिने ती आमच्या चौथ्या मजल्यावर राहिली, खिडकीशी बसून. माझी बायको ओयुन तिच्याशी बरी वागते, पण बरं वागणं आईला नव्या बुटांसारखं लागतं. आमच्याकडे सकाळच्या चहाचा पहिला घोट आगीला द्यायचा असतो. आईनं पहिल्या सकाळी चहा केला, खारट, दुधाचा, आणि पळी हातात घेऊन घरभर पाहिलं. स्वयंपाकघरात विजेची शेगडी, ती तिनं मोजली नाही. मग तिनं रेडिएटरला हात लावला. “ही कुणी पेटवली?” मला विचारलं. मी म्हटलं, शहराच्या पश्चिमेला विजेचा कारखाना आहे, तिथून गरम पाणी नळ्यांतून येतं. “कारखान्यात कोण असतं?” मी म्हटलं, सरकार. “मग सरकारला,” असं म्हणून तिनं पळीतले दोन थेंब रेडिएटरवर उडवले. ते वाळले आणि पांढरे डाग राहिले. रोज दोन. मेच्या मध्याला रेडिएटर गार झाला, तेव्हा ती तिथे बराच वेळ हात ठेवून उभी होती. दुसऱ्या दिवसापासून तिनं थेंब उडवायचं बंद केलं आणि पळी झाकून ठेवू लागली. ओयुननं डाग खरवडायला सुरी घेतली होती. मी नको म्हटलं. का नको ते मला सांगता आलं नाही.

आणि शिजिर गेला ती संध्याकाळ. ती मला अशी आठवते की आठवण म्हणणंही बरोबर नाही. ती जिथे होती तिथेच आहे, मीच तिच्यातून ये-जा करतो. नव्या वर्षाचा पांढरा महिना जवळ आला होता. आई आमच्याकडे बूझ करायला आली होती. मांस भरून चिमटी घातलेले सातशे बूझ, बाल्कनीत फळ्यांवर मांडून गोठवायचे. शिजिर आला नाही, कारण कुणीतरी आग राखायला हवी, कुत्र्याला घालायला हवं. पावणेसातला त्याचा फोन आला. आधी म्हणाला, आईला दे. आईचे हात कोपरापर्यंत पिठात होते, म्हणून मी म्हटलं, मला सांग. तो म्हणाला, दादा, यंदा या नव्या दाबलेल्या कोळशाच्या वड्या देतात ना, त्या पेटतात उशिरा, आणि पेटल्या की सगळी ऊब धुराड्यातून वर जाते, पहाटे गेर बर्फ होतं. काय करू? एवढं तो विचारत होता. चूल त्याची, आग त्याची, आयुष्यभर तिच्यात हात घालून बसलेला माणूस, आणि तो मला विचारत होता, कारण मी मोठा आणि माझ्याकडे पदवी. मला बरं वाटलं. मी हे लपवणार नाही. मी म्हटलं, अरे झडप लाव. बाबा काय करायचे? आग लाल झाली की धुराड्याची झडप पाऊण लावायचे आणि झोपायचे. तू उघडी ठेवतोस म्हणून. तू गेर तापवत नाहीयेस शिजिर, आकाश तापवतोयस. तो हसला. मलाही माझा विनोद आवडला, मी तो आत जाऊन ओयुनला सांगितला. “बरं दादा, लावतो,” तो म्हणाला. दोन मिनिटं चाळीस सेकंद. फोनमध्ये नोंद आहे.

बाबा वाळक्या शेणाच्या गोवऱ्या जाळत. गोवरी जळून लाल निखारा झाली की तिच्यात धूर उरत नाही, मग झडप लावली तर चालतं, निदान आमच्याकडे चालत आलं. कोळशाच्या वडीचं तसं नाही. ती बाहेरून लाल दिसते आणि आत कितीतरी वेळ धुमसत असते, आणि हवा तोडली की तिच्यातून जो वायू निघतो त्याला रंग नाही, वास नाही. हे मला माहीत होतं. माहीत होतं म्हणजे काय, हे मी बावीस वर्षं शिकवतोय. कार्बन, पुरेसा नसलेला ऑक्सिजन, बाण, आणि बाणापुढे ते दोन अक्षरी नाव. परीक्षेत हमखास येतं. पण शिजिरनं विचारलं तेव्हा मी वर्गात नव्हतो. तेव्हा मी आठ वर्षांचा होतो, नमद्यावर आडवा, आणि बाबांचा हात वर जाऊन झडप लावत होता, आणि झडपेचा तो खट्ट आवाज झाला की आता झोपायचं. पदवी घेतली ती वेगळ्याच कुणीतरी. सकाळी सगळ्या उतारावर धुराडी धूर सोडत होती आणि आमचं नाही, म्हणून शेजारीण आत गेली. एप्रिलमध्ये तो धडा नेहमीप्रमाणे आला. मी फळ्यावर समीकरण लिहिलं. मागच्या बाकावरच्या मुलीनं विचारलं, सर, काहीच वास येत नाही? मी म्हटलं, नाही. तिनं लिहून घेतलं.

रुग्णालयाच्या बोळात आईनं मला विचारलं होतं, कसं झालं. तिच्या नखांत पीठ होतं. मी म्हटलं, धुराडं काजळीनं भरलं असेल. ‘असेल’ म्हटलं, अभ्यासू माणसानं म्हणावं तसं. तिनं मान हलवली आणि पुन्हा कधी विचारलं नाही. मला वाटलं, निभावलं.

“खडू खाऊ नका मास्तर,” गोंबो म्हणाला. “मी वर जातो, छपरावर. धुराड्याचं भोक कुठून काढायचं ते बघतो, तोवर ठरवा.” तो शिडी ओढत दारापर्यंत गेला, तेव्हा आईनं त्याला थांबवलं. ती उठली नाही. डब्यावर हात ठेवून, बसची वेळ सांगावी तशा आवाजात तिनं त्याला सांगितलं, “गोंबो, धुराडं असं बसव की मला खालून झाडता येईल. माझ्यानं आता वर चढवत नाही. गेल्या शरदात गुडघा धरला होता म्हणून मी झाडलं नाही. दर वर्षी मीच झाडते. शिजिर म्हणाला मी चढतो, मी म्हटलं राहू दे, घराचं काम सोडून कुठे चढतोस, वसंतात बघू.” मग म्हणाली, “त्यानंच गेला तो. काजळीनं. म्हणून म्हणते, मला ती डोळ्यांसमोर हवी.” गोंबोनं टोपी काढली, परत घातली, आणि आक्का, मी खालून झाकण ठेवतो, हातानं निघेल असं, एवढं म्हणून तो शिडीवर चढला. त्याची पावलं पत्र्यावर वाजायला लागली.

धुराडं कोण झाडतं, हे मला माहीत नव्हतं. सतराव्या वर्षी घर सोडलेल्या माणसाला ते माहीत नसतं. धुराडी आपोआप साफ होतात असं काही मी मानत नव्हतो. मी त्याचा विचारच केला नव्हता. बोळात उभं राहून मला एक निर्जीव वस्तू हवी होती, जिच्यावर हे टाकता येईल आणि जी उलटून बोलणार नाही, आणि हाताशी धुराडं आलं. ते मी तिच्या हातात दिलं. सात महिने, खिडकीशी बसून, आधी रोज सकाळी सरकारला दोन थेंब देऊन आणि मग पळी झाकून, ती हे धरून होती. ओयुनला म्हणायची, मला झोप कमी. मी तिला गोळ्या आणून दिल्या. मला आठवलं, एका संध्याकाळी ती उगाच म्हणाली होती की काळी काजळी हाताला लागली तर तीन दिवस जात नाही, आणि मी म्हटलं होतं, साबण बदल. खोलीत सिमेंटचा ओला वास होता. वरून पत्रा वाजत होता. मला वाटत होतं की मी बोललो नाही तर हे आणखी काही वर्षं असंच चालेल, ती शहात्तरची आहे, फार वर्षं नाहीत. हा हिशेब माझ्या डोक्यानं केला, आणि करून पूर्णही केला, हे मला इथे सांगायला हवं.

“धुराडं साफ होतं,” मी म्हटलं.

आईनं वर पाहिलं नाही. मी जमिनीवरच्या कुत्र्याच्या पावलांकडे बघत सगळं सांगितलं. पावणेसात वाजता, फोन, वड्या, झडप. बाबांचं नाव घेतलं ते सांगितलं. त्यातलं काही गाळलं तर पुन्हा तेच होईल असं वाटून आकाशाचा विनोदही सांगितला, आणि रिकाम्या खोलीत तो विनोद भिंतीवर आपटून माझ्याकडे परत आला. मग मी बोळात काय म्हटलं आणि का म्हटलं तेही सांगितलं. हातातला खडू कधी मोडला कळलं नाही, बोटं पांढरी झाली होती. तेवढ्यात वरून गोंबोनं विचारलं की इथे पाडू का, की आणखी हातभर पलीकडे, आणि मग स्वतःच म्हणाला, बरं, चालू द्या.

“त्यानं मला मागितलं नव्हतं फोनवर?” आईनं विचारलं.

“मागितलं होतं. तुझे हात पिठात होते.”

ती डब्याचं झाकण अंगठ्यानं दाबत राहिली, दाबलं की आत जाणारं आणि सोडलं की टक् करून वर येणारं. असं कितीदा तरी. मला वाटलं ती मला मारेल, आणि ते किती बरं होईल. मग म्हणाली, “मीही तेच सांगितलं असतं. झडप लाव म्हणूनच.” मी काही बोलणार होतो, पण तिचं बोलून झालं नव्हतं. “पण आधी जेवलास का ते विचारलं असतं.”

ती खरं बोलत होती की मला काही द्यायचं म्हणून देत होती, हे मी तेव्हाही ठरवू शकलो नाही आणि आताही नाही. तिनं खरंच तेच सांगितलं असतं, बाबा ते तिच्याकडूनच शिकले होते. पण त्याच्या आधी ती दहा मिनिटं बोलली असती. काय खाल्लं, कुत्र्याला घातलं का, पाय ओले नाहीत ना. आणि दहा मिनिटांत वडी कितपत जळते, आत किती धुमसते, हे मला गणितानं काढता येतं. मी ते काढलं आहे. काही फरक पडत नाही. तरी मी ते पुन्हा काढतो.

तिनं माझ्या हातातला उरलेला खडू घेतला, बादलीवरून उठायला माझा खांदा धरला, आणि दोन खोल्यांमधल्या भिंतीशी जाऊन, दोऱ्यांनी जिथे एकमेकींना कापलं होतं तिथे, भिंतीवर हाताएवढा गोल काढला. गोल नीट जमला नाही. मग मान वर करून ओरडली, “गोंबो, इथे. आणि झडप बसवू नकोस.”

पत्र्यावरची पावलं थांबली. गोंबोचं डोकं छपराच्या कडेवरून दारात खाली आलं, उलटं, गाल लोंबत. “झडपेशिवाय कसं आक्का? सगळी ऊब वर जाईल. भिंत तापायची नाही. आकाश तापेल नुसतं.”

आई माझ्याकडे बघत नव्हती. “तापू दे,” म्हणाली. “तिकडे आता आपलं माणूस आहे.”

 गोंबोनं डोकं वर घेतलं आणि गोलाच्या वरच पत्र्याला भोक पाडलं. आम्ही तिघांनी विटा उतरवल्या. माझी कंबर धरली नाही, किंवा धरली असेल. दुपारी आईनं अंगणात, गेरच्या उघड्या वर्तुळात, तीन दगडांवर भांडं ठेवून चहा केला, आणि पहिली पळी त्या काळ्या डागावर ओतली. सबंध पळी. गोंबो जाताना मला कुंपणाशी म्हणाला की झडप बसवायची असते, नियम आहे, पण आक्का म्हणतात तर तो एक डोळा मिटेल. फक्त कोळसा दुप्पट लागेल. मी म्हटलं लागू दे. बसमध्ये आई माझ्या खांद्यावर झोपली. सात महिन्यांत मी तिला झोपलेलं पाहिलं नव्हतं. दोन स्टॉप पुढे गेलो तरी मी उठवलं नाही.

गुरुवारी वस्ती-कार्यालयातून माणूस कागद घेऊन आला. आमची गल्ली यंदापासून विजेवर गेली होती. नवी चूल बसवायची नाही, जुनी असेल तर काढून द्यायची, घरटी एक हीटर मिळेल, इथे सही करा. गोंबोनं विटा परत गाडीत भरल्या, छपरातलं भोक पत्रा ठोकून बुजवलं आणि दहा वर्षं खोटं बोलणारे लोक नेमके आत्ताच खरं कसे बोलले, असं जाईपर्यंत म्हणत राहिला. खडूचा गोल भिंतीवर तसाच होता. हीटर पांढरा, पातळ, उभा, चार चाकांचा. सोबत माहितीपत्रक होतं, ते मी आईला वाचून दाखवलं. वर काही ठेवू नये. जवळपास पाणी, चहा वगैरे सांडू नये. आईनं राखेचा डबा काखेत धरून विचारलं, मग ठेवायचा कुठे हा? मी हीटर गोलापर्यंत ढकलत नेला. तिथपर्यंत वायर पुरेना. वायर दीड मीटरची होती, आणि सॉकेट एकच, ड्रिलचं. हीटर दाराजवळ ठेवला.